आंटीचा आवाज सांभाळताना

आवाज चांगला लागला तर हॉलमधलं कुणीही मागे वळून बघत नाही. शिट्टी वाजली, खरखर झाली, की सगळ्या माना एकदम वळतात आणि सगळे डोळे माझ्यावर. नोकरीच्या सगळ्या वर्षांत लोकांनी माझा चेहरा पाहिला तो असा, काहीतरी बिघडल्यावरच. त्यामुळे एडिनबरात रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं तरी मला आधी शंका येते, की मागच्या खेपेला काय बिघडलं होतं बरं.

मी साउंड इंजिनिअर. म्हणजे माइकमधून आलेला आवाज स्पीकरमधून लोकांपर्यंत नीट पोचवणारी बाई. आमच्या महाराष्ट्र मंडळात हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एका वहिनींनी विचारलं, "म्हणजे आयटीत का?" आणि दुसऱ्या म्हणाल्या, "अगंबाई, डॉक्टरांची बायको असून वायरी उचलतेस?" उचलायचे. माझा नवरा श्रीधर इथल्या हॉस्पिटलात भूल द्यायचा. तो माणसं झोपवायचा आणि मी जागी ठेवायचे, अशी आमच्या घरात कामाची वाटणी होती.

लग्नाआधी पुण्यात मी रेडिओवर रेकॉर्डिंगला होते. श्रीधरला इथे नोकरी लागली तेव्हा दोन सुटकेसा घेऊन आले, आणि पहिला हिवाळा खिडकीतून समोरच्या भिंतीकडे बघण्यात घालवला. आमच्या रस्त्याच्या टोकाला जुना नाट्यगृहवजा हॉल होता. तिथल्या साउंडवाल्या आजोबांची पाठ धरली म्हणून दारावर मदतनीस हवा असल्याचा कागद लागला होता. मी आत गेले. आजोबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, साडीवर घातलेला कोट पाहिला आणि हातात वायरचं भेंडोळं दिलं. मी ते न पीळ पडता गुंडाळून परत दिलं. इंटरव्ह्यू तेवढाच.

बाहेरच्यांना वाटतं की हे काम मशीनचं आहे. मिक्सरवर प्रत्येक माइकसाठी एक सरकपट्टी असते, तिला आम्ही फेडर म्हणतो. वर सरकवला की आवाज मोठा, खाली ओढला की लहान. यात काय कठीण? कठीण हे, की नवखा माणूस जे ऐकू येत नाही ते वर ढकलत सुटतो. सगळं वर गेलं की स्पीकरचा आवाज परत माइकात शिरतो, आणि ती कान फाडणारी शिट्टी वाजते. मुरलेला माणूस नको ते हळूच खाली ओढतो. स्वयंपाकातही बिघडलेल्या आमटीत आणखी चार मसाले घालणारी माणसं असतातच की.

गिऱ्हाइकं एकेक नग होती. एक बॅगपाइपवाले गृहस्थ यायचे. बॅगपाइप हे वाद्य डोंगरावरच्या सैन्याला ऐकू जावं म्हणून केलेलं, आणि आमचा हॉल एवढासा. तरी त्यांना माइक हवाच. "सगळ्यांना आहे, मला का नाही?" मी मोठ्या मानानं त्यांच्यासमोर आमचा सगळ्यात देखणा माइक उभा केला. त्याची वायर कुठेच जोडलेली नव्हती. कार्यक्रम झाल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, इतका छान साउंड मला आयुष्यात कुणी दिला नाही. मी म्हटलं, "माझं कामच आहे ते."

आपली माणसं तर विचारू नका. मंडळाच्या गणपतीत आमचे अध्यक्षकाका माइक हातात आला की आधी त्याला टिचक्या मारायचे, मग फूफू करून फुंकर घालायचे. मी सांगून थकले, "काका, फुंकू नका हो, त्याला सर्दी होते." मग बोलायला लागले की माइक हळूहळू खाली, पोटापर्यंत. पाच वाक्यं झाली की तिथून माझ्याकडे बघून हात हलवायचे, "सुलभाताई, आवाज येत नाहीये." मी फेडर वर न्यायचे. मग आम्हा सगळ्यांना काकांच्या जेवणाचे बारीकसारीक आवाज ऐकू यायचे.

पण मला सांगायचंय ते आंटीबद्दल.

आंटी ऑस्ट्रेलियाची. तिथल्या मूळच्या माणसांपैकी, ज्यांना इंग्रजीत ॲबोरिजिनल म्हणतात. त्यांच्यात वडीलधाऱ्या बाईला आंटी म्हणतात, मग नातं असो नसो. आमची मॅनेजर फिओना फार शिस्तीची बाई. तिनं दोन दिवस ईमेलमधून विचारपूस केली की पाहुण्यांना नेमकं कसं संबोधायचं. मला काही विचारावं लागलं नाही. मी दारातच "आंटी, प्रवास कसा झाला?" म्हटलं, आणि मावशीशी करतो तसं मनातल्या मनात अगंतूगं सुरू करून टाकलं.

आंटी लहान असताना सरकारी माणसं गाडी घेऊन आली आणि तिला आईपासून उचलून घेऊन गेली. त्या काळी तिथे असा कायदाच होता. मूळ रहिवाशांची मुलं उचलायची, मिशनमध्ये वाढवायची, त्यांची भाषा बंद, नावं बदललेली. आंटीला तिथे कपडे धुणं आणि चर्चमधली गाणी शिकवली. गिटार तिची ती शिकली, एक तार नसलेल्या गिटारीवर. मोठी झाली आणि स्वतःची गाणी करायला लागली. पहिलं गाणं मिशनच्या पातळ सूपवर होतं, आणि ते इतकं मजेदार होतं की ज्यांनी ते सूप पाजलं त्यांचीही मुलं पुढे ते गुणगुणायची. मग ती जमिनीच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चांत ट्रकच्या फळीवर उभी राहून गायली. पकडून नेलं तेव्हा पोलिसांच्या गाडीत गायली. "पुढे बसलेला पोलीस स्टिअरिंगवर ठेका धरत होता," ती सांगायची, "मी म्हटलं, बाबा, ताल तरी नीट धर." तिच्यासारख्या उचलून नेलेल्या कितीतरी माणसांना तिनं आपापल्या आया शोधून दिल्या. स्वतःची आई तिला सगळ्यात शेवटी सापडली, म्हातारी झालेली.

एडिनबराला ती आली ते गाण्यासाठी नव्हे. फार पूर्वी इथल्या विद्वानांनी तिच्या लोकांच्या कबरी उकरून हाडं आणली होती, अभ्यासाला म्हणून. ती एका संस्थेच्या तळघरात खोक्यांत पडून होती. आंटी आणि तिच्या माणसांनी वर्षानुवर्षं भांडून ती परत मिळवली, आणि आता ती त्यांना घरी घेऊन जायला आली होती. आलीच आहे तर आमच्या हॉलवर तिचं गाणंही ठेवलं होतं. मी घरी हे सांगितलं तेव्हा श्रीधरनं हातातलं वर्तमानपत्र मिटलं. मग म्हणाला, "आम्हीपण हाडांवरच शिकलो गं. कुणाची, ते कधी विचारलं नाही." दुसऱ्या दिवशी तो रजा काढून माझ्याबरोबर हॉलवर आला.

साउंडचेकला, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज जुळवतो तेव्हा, आंटी स्टेजच्या पायरीपाशीच थांबली. वर येईना. फिओनाला वाटलं पायरी उंच आहे.

"तसं नाही," आंटी म्हणाली. "ही कुणाची भूमी? इथल्या कुणीतरी मला ये म्हटल्याशिवाय मी कशी गाणार?"

त्यांच्यात ही पद्धतच आहे. दुसऱ्याच्या मुलखात गेलं की तिथल्या माणसांनी आधी या म्हणायचं. फिओना गोंधळली. "मी कौन्सिलला फोन करू का?"

"कौन्सिल इथे जन्मली का?"

फिओना लंडनजवळच्या मेडनहेडची. मी पुण्याची. लाइटवाला पोलंडचा. आम्ही सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागलो. तेवढ्यात मागून आमची मॉइरा बादली घेऊन आली. मॉइरा हॉलची साफसफाई करायची, आणि तिचा जन्म मागच्या गल्लीतला, तिच्या आईचाही तिथलाच. मी तिला सगळं सांगितलं. तिनं मॉप भिंतीला टेकवला, ॲप्रनला हात पुसले आणि आंटीपुढे जाऊन म्हणाली, "मग ये की आत. जपून, लादी ओली आहे."

आंटी इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली. म्हणाली, पंतप्रधानांनीसुद्धा मला एवढं नीट या म्हटलं नव्हतं.

आता एवढं झालं होतं तर आपण मराठी माणसांनी मागे का राहायचं? संध्याकाळी मंडळाच्या चारपाच जणींना मी औक्षणाचं ताट घेऊन बोलावलं. आंटीच्या पद्धतीतही धूर असतो. निलगिरीची पानं पेटवून त्याच्या धुरानं जागा आणि माणसं शुद्ध करतात. त्यासाठी फिओनानं स्टेजवरचा फायर अलार्म रीतसर बंद करून घेतला होता. बाहेरच्या फोयरचा, म्हणजे दारापुढच्या दालनाचा, अलार्म कुणाच्याच डोक्यात आला नाही. आमच्या वहिनींनी आंटीला कुंकू लावलं, ओवाळलं, आणि हौसेला मोल नसतं म्हणून ताटात कापराची ही एवढी रास पेटवली.

पुढचं काय सांगू. भोंगे वाजले, दिवे लुकलुकले, आणि अख्खा हॉल बाहेर फुटपाथवर. प्रेक्षक, मॉइरा, पैठणी नेसलेल्या वहिनी, हातात अजून पेटतं ताट. फायर ब्रिगेडची गाडी आली. फिओना पांढरीफटक. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आंटीनं मात्र शांतपणे गिटार मागवली, कपाळाचं कुंकू तसंच, आणि फुटपाथवर उभी राहून सूपचं गाणं सुरू केलं. माइक नाही, काही नाही. तो आवाज थोडा घोगरा, खालच्या पट्टीतला, पण रस्त्यापलीकडच्या बसस्टॉपवरची माणसं उठून आली. फायर ब्रिगेडचे दोघे हेल्मेट काखेत धरून कडवं संपेपर्यंत थांबले आणि मगच आत गेले. इतक्या वर्षांत मी ऐकलेला तो सगळ्यात सुंदर साउंड, आणि त्यात माझ्या हातचं काहीएक नव्हतं.

आत आल्यावर आंटी माझ्या कानात म्हणाली, "पोरी, तुमचा धूर आमच्यापेक्षा जोरात चालतो."

त्या दिवशीचं शेवटचं गाणं तिनं इथे येतानाच्या प्रवासात केलं होतं. त्यात फक्त नावं होती. मिशननं कागदोपत्री तिच्या आईचं नावही बदललं होतं. पुढे आई सापडल्यावर तिच्याकडून आंटीनं खरं नाव शिकून घेतलं, मग आजीचं, मग तिच्या आईचं. जुन्यात जुन्या बाईपासून सुरू करून आईपर्यंत ती एकेक नाव गात आली, एवढंच गाणं. तळघरातून सुटलेल्यांसाठी ते होतं, त्यांना ओळखीची हाक ऐकू यावी म्हणून. मी तिची परवानगी घेऊन कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग केलं होतं. ते कुठे पाठवू असं विचारलं, तर म्हणाली, "राहू दे तुझ्याजवळ. पुढचं माझ्या पोरीला विचार." पोर म्हणजे केली, तिच्या बहिणीची मुलगी. त्यांच्यात मावशी ही आईच. हेही मला समजावून घ्यावं लागलं नाही.

जायच्या आदल्या दिवशी आंटी आमच्याकडे जेवली. थालीपीठ, लोणी आणि ठेचा. ठेचा खाण्याच्या पैजेत तिनं श्रीधरला हरवलं. भूलतज्ज्ञाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहताना बघून ती टेबलावर थापा मारत हसत होती.

नंतर वर्षाच्या आतच ती गेली. तिच्या स्वतःच्या गावी, स्वतःच्या माणसांत, झोपेत.

श्रीधरला फार लागलं. तसा तो न बोलणारा माणूस. पण त्यानं तिचा एक मोठा फोटो करून आणला, लंडनकडच्या इल्फर्डमधल्या देशी दुकानातून चंदनाचा हार मागवला, आणि फिओनाला विचारून हॉलच्या फोयरमध्ये टेबलावर फोटो मांडला. पुढे समई. आपल्याकडे माणूस गेलं की करतो तसंच, मनापासून. संध्याकाळी केलीशी व्हिडिओ कॉल होता. श्रीधरनं तिला दाखवायला मोठ्या मायेनं फोन फोटोकडे वळवला.

पलीकडे केलीनं डोळ्यांवर हात घेतला.

"डॉक्टर," ती म्हणाली, "तुम्ही किती प्रेमानं केलंय ते मला दिसतंय. पण तिला खाली घ्या. प्लीज."

तिनं समजावून सांगितलं. त्यांच्या लोकांत गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, चेहरा बघत नाहीत, आवाज ऐकत नाहीत. तसं केलं तर निघालेल्याला मागे वळावं लागतं, त्याचा प्रवास अडतो. आणि मागे राहिलेल्यांचंही दुःख सारखं उकरलं जातं. मग कधीतरी, महिन्यांनी किंवा वर्षांनी, घरची माणसं ठरवतात की आता झालं, आणि नाव पुन्हा उघडतात.

"किती दिवस लागतात?" श्रीधरनं विचारलं. शेवटी डॉक्टर.

"लागतील तितके," केली म्हणाली.

श्रीधरनं फोटो उतरवला, कापडात गुंडाळला, आणि त्या दिवसापासून आमच्या घरातही कुणी तिचं नाव घेतलं नाही. मंडळात मी सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं बायका नवल करतील. कुणीही केलं नाही. माझ्या सासूबाईंनी जन्मात सासऱ्यांचं नाव उच्चारलं नव्हतं. इथल्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, रिसेप्शनवरच्या मुलीनं नवऱ्याचं नाव विचारलं, तर त्या मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "तू सांग." नाव न घेण्यात केवढी माया असू शकते ते आमच्या बायकांना पाठच होतं.

पण जगाला ते कसं पटावं? बातमी पसरली आणि त्या रेकॉर्डिंगसाठी फोन सुरू झाले. शेवटचा कार्यक्रम, शेवटचं गाणं, आणि ते फक्त माझ्याकडे. एका रेडिओ कार्यक्रमाचा निर्माता अगदी गळ्यात पडला. "लोकांना तिची आठवण आहे तोवरच हे व्हायला हवं," तो म्हणाला. मी म्हटलं, "माझ्याकडे आहे, पण माझं नाही." फिओनाही चिडली. हॉलचं छप्पर तेव्हा गळत होतं आणि असा एक कार्यक्रम झाला असता तर फार उपयोग झाला असता. ती महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी निवृत्त झाले तेव्हा ते रेकॉर्डिंग घरी आणलं आणि साड्यांच्या कपाटात ठेवलं. ऐकावंसं वाटायचं हो. कधी कधी साडी काढताना जीव अगदी तुटायचा. पण नाही ऐकलं.

गेल्या वर्षी केलीचा फोन आला. त्या तळघरात त्यांच्या लोकांची आणखी काही खोकी निघाली होती, ती न्यायला ती येणार होती. घरच्यांनी ठरवलं होतं की आंटीचं नाव उघडायचं, आणि ते इथेच, या हॉलमध्ये.

"पण आंटी सुलू," ती म्हणाली. मी आता आंटी झाले होते. "ते मीच करायचंय. तिची गाणी तिनं मला दिलीत. आणि ती गेल्यापासून मी एक ओळही गायलेली नाही. आवाजच निघत नाही. मला नाही जमलं तर गाणी अशीच बंद राहतील, माझ्यानंतर कुणी नाही."

मी म्हटलं, "ये तर खरी."

फिओना पुरती पेचात पडली. जिचं नाव छापायचं नाही आणि चेहरा दाखवायचा नाही, तिच्या कार्यक्रमाचं पोस्टर कसं करायचं? शेवटी पिवळ्या कागदावर "आंटीसाठी एक दुपार" एवढंच छापलं. मंडळाच्या बायकांनी ते दुकानादुकानांत नेऊन चिकटवलं. मॉइरानं गल्लीतलं एकही दार सोडलं नाही. हॉल भरला. अध्यक्षकाका पहिल्या रांगेत, श्रीधर माझ्या शेजारी, आणि मी त्या दिवसापुरती परत मिक्सरपाशी.

त्या सकाळी साउंडचेकला केली माइकसमोर उभी राहिली, गिटारवर सूर धरला, तोंड उघडलं आणि मिटलं. तीन वेळा. या धंद्यात शिकले ते हेच, की गाणाऱ्याला घाई करायची नाही. तिला चहा दिला. ठरलेलं असं होतं, की ती आधी आंटीची जुनी गाणी गाईल, आणि शेवटी, तिनं मान हलवली तरच, मी रेकॉर्डिंगमधलं नावांचं गाणं लावायचं. तिनंही ते कधी ऐकलेलं नव्हतं. ते सगळ्यांसमोरच उघडायचं होतं.

दुपारी पडदा सरकला. केली पुढे आली, गिटार गळ्यात. तिनं एक सूर वाजवला. मग परत तोच. गाणं येईना. स्टेजवरची शांतता लांबली की प्रेक्षकांना वाटतं तो कार्यक्रमाचा भाग आहे, पण मी वायरी तपासायला लागते. श्रीधर पुटपुटला, "सुलू, काहीतरी कर." मी काय करणार? मिक्सरवर हिमतीचा फेडर नसतो.

आणि तिनं माझ्याकडे बघून मान हलवली. शेवटी करायचं ते आत्ताच.

मी फेडर वर नेला. एरवी मी कुठलंही रेकॉर्डिंग लोकांना ऐकवण्याआधी झाडूनपुसून ठेवते, खोकले काढते, मधलं बोलणं काढते. हे ऐकलंच नव्हतं, तर साफ कुठून करणार? त्यामुळे गाण्याच्या आधी त्या दिवशीची आंटी जशी होती तशी आली. आधी खाकरली. मग त्या घोगऱ्या आवाजात हसत म्हणाली, "धूर माझा नव्हता बरं का. त्या सुंदर साड्यावाल्या बायकांना विचारा."

हॉल हशानं फुटला. आमच्या वहिनी तर तोंडावर पदर घेऊन गदागदा हसत होत्या. आणि स्टेजवर केली हसली. डोळ्यांतून धारा लागलेल्या, आणि ती मोठ्यानं, पोटातून हसत होती. हसता हसता तिचा श्वास मोकळा झालेला मी माइकमधून ऐकला. आंटीनं पहिलं नाव घेतलं, सगळ्यात जुन्या बाईचं. दुसऱ्या नावाला केलीची गिटार तिच्यात मिसळली. तिसऱ्याला केलीचा आवाज. इतकी वर्षं बंद असलेला, थोडा गंजलेला, पण अगदी त्याच घरातला. मी आंटीला किंचित खाली ओढलं आणि पोरीला जागा करून दिली. दोघी मिळून नावानावांनी खाली उतरत आल्या, आजीपर्यंत, आईपर्यंत. मग आंटीचं गाणं संपलं.

केली थांबली नाही. त्याच चालीवर, एकटीनं, तिनं पुढचं नाव घेतलं.

"विनी."

आंटीचं नाव. तिनं परत गायलं, विनी, आणि हात पसरले, तसा हॉल गायला. विनी. मॉइरा गायली, फिओना गायली, शेजारी श्रीधर हुंदके देत बेसूर गायला. आता नाव उघडलं होतं, म्हणून इथे लिहिते आहे.

मग केली म्हणाली, "आता तुमच्या आयांची नावं." ती एकेक ऐकायची आणि चालीत बसवून गायची. ॲग्नेस. मार्गारेट. मॉइराच्या आईचं नाव जीन. सिंधू. शकुंतला. अध्यक्षकाका पहिल्या रांगेत उभे राहून, माइकबिइक काही न मागता, खड्या आवाजात म्हणाले, "अनसूया." तेही गायलं गेलं. मी मागे अंधारात उभी होते. साउंडवाल्यानं कार्यक्रमात भाग घ्यायचा नसतो. पण मिक्सरवर आमच्यासाठी एक छोटा माइक असतो, स्टेजवरच्यांना सूचना द्यायला, आणि एक बटण दाबलं की तो सगळ्या स्पीकरमधून ऐकू जातो. मी ते बटण आजवर कार्यक्रम चालू असताना कधीही दाबलं नव्हतं.

माझी आई पुण्यात गेली तेव्हा मी इथे होते. मला जाता आलं नाही. आणि मला तिथे उभ्या उभ्या लक्षात आलं की मी तिचं नाव आयुष्यात कधी मोठ्यानं उच्चारलेलंच नाही. आईला कुणी नावानं हाक मारतं का?

मी बटण दाबलं आणि म्हटलं, "मालती."

सगळ्या माना वळल्या. केलीनं डोळ्यांवर हात धरून अंधारात माझ्याकडे बघितलं, गिटारचा सूर धरला, आणि तिच्या त्या लांबच्या देशाच्या उच्चारात माझ्या आईला हाक मारली.